पाणमोट

कमलबाईने उकळत्या पाण्यातून चिमटा काढला, तशी चांगुणाबाई तिच्या आणि बाजेच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"नर्सबाई, पाणमोट फोडू नका. लेकरू अजून वर तरंगायलंय."

शहात्तर सालचा माघ महिना होता. राणीसावरगावात रंगनाथरावांची सून गीता कालपासून अडली होती. पहिलटकरीण. दुपारपर्यंत कळा मंदावल्या, आणि सासू नर्मदाबाई घटकेघटकेला दारात येऊन अजून किती वेळ म्हणून विचारत होती. उपकेंद्राची नर्स कमलबाई चोवीस वर्षांची. पाण्याची पिशवी फोडली की कळा जोर धरतात, बाई लवकर सुटते, हे तिने दवाखान्यात शिकताना पाहिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. चांगुणाबाई साठीची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं. पाणी म्हणजे लेकराची गादी, वेळ झाली की आपण होऊन फुटते, असं ती म्हणायची. दोन वर्षं दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं. अशी आडवी ती कधी आली नव्हती.

कमलबाई चिडली नाही. तिने एवढंच म्हटलं, "मावशी, कारण सांगा. नुसत्या भीतीवर मी किती थांबू?"

कारण होतं. पंचवीस वर्षं ते चांगुणाबाईने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि जिला सांगायला हवं होतं ती चौकट धरून दारात उभी होती.

"मी फोडली होती एकदा," चांगुणाबाई म्हणाली. "याच घरात. नर्मदाबाईच्या पहिल्या खेपेला. तवाच्या सासूबाई घाई करायल्या होत्या, मी नखानं फोडली. पाणी भळकन आलं अन् लेकराच्या आधी नाळच खाली आली. वरून डोकं तिच्यावर बसलं. माझ्या हातात उडायली होती नाळ. मग थांबली."

नर्मदाबाईचा चौकटीवरचा हात खाली आला.

नर्मदाबाईने ग्रहणात वांगं चिरलं म्हणून लेकरू गेलं, असं त्या वेळी तिच्या सासूने सांगितलं होतं. गावाने ते मानलं आणि नर्मदाबाईनेही मानलं. पुढे तिला दोन मुलगे झाले. पण प्रत्येक ग्रहणाला ती पाण्याचा थेंब न घेता, हात मांडीवर बांधून कोपऱ्यात बसून राहायची. चांगुणाबाईने हे पाहिलं होतं. पुढची दोन्ही बाळंतपणं तिनेच केली, आणि तोंड उघडलं नाही.

कमलबाईने चिमटा पातेल्यात ठेवला. सकाळी तिने तपासलं होतं, पण घरच्यांच्या घाईत. आता तिने गीताच्या ओटीपोटावर दोन्ही हात सावकाश टेकवले. डोकं बोटांखाली हलत होतं, अजून खाली बसलं नव्हतं. ती बराच वेळ तशीच राहिली.

"थांबू या," ती म्हणाली.

त्यांनी गीताला गुळाचा चहा पाजला, दोन्हीकडून धरून चालवलं. कमलबाई नळी लावून बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा ऐकत होती. दिवस कलता कलता कळा परतल्या. डोकं खाली बसलं, तरी पिशवी काही फुटेना, आणि पोरीच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. कमलबाईने चांगुणाबाईकडे पाहिलं. म्हातारीने पोट चाचपलं. मग जे ती कुठल्याच बाईच्या उशाशी म्हणाली नव्हती, ते म्हणाली.

"आता फोडा. आता नाळंला खाली यायला वाट न्हाई."

पाणी स्वच्छ आलं. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, आणि रडली.

चांगुणाबाईने नात पुसून नर्मदाबाईच्या हातात दिली. नर्मदाबाईने ती छातीशी घेतली. चांगुणाबाईकडे न बघताच म्हणाली, "उंद्या आंघुळीला येऊ नको."

चांगुणाबाईने मान हलवली. बाराव्या दिवसापर्यंत बाळ-बाळंतिणीची आंघोळ सुईणीची. आजवर तिला कुठल्याच घराने परत पाठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने तिला लवकर जाग आली. काही करायचं नव्हतं म्हणून ती आपल्या घराच्या ओट्यावर बसून राहिली. उन्हं वर आली आणि नर्मदाबाई बौद्धवाड्याच्या वाटेने येताना दिसली. एकटीच. त्या वाड्यात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. ओट्यासमोर येऊन ती उभी राहिली.

"कुठं ठेवलंय त्याला?" तिने विचारलं. "मला कुणी दाखवलं न्हाई."

"ती लेक होती, बाई."

हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दोघी ओढ्याकडे गेल्या, पुढे चांगुणाबाई, मागे नर्मदाबाई. बांधाखाली ज्वारी कणसाला आली होती. चांगुणाबाईने बोट दाखवलं. तिथे खूण अशी काही नव्हती. ताटं होती, तणही होतं. नर्मदाबाई चपला काढून खाली बसली. तिने मातीवर हात ठेवला, मग एकेक करून तण उपटायला लागली. चांगुणाबाई दोन पावलं मागे उभी होती.

बऱ्याच वेळाने, मान न वळवता, नर्मदाबाईने शेजारचं ढेकूळ उचलून बाजूला ठेवलं. रिकाम्या झालेल्या जागेवर चांगुणाबाई टेकली.