मावशीची बादली

टेकडीच्या पोटात पाणी कुठून कुठे सरकतं, हे जमिनीत वीज सोडून शोधायचं, हे त्याचं काम. लोक त्याला सळईवाला म्हणत. माथ्यापासून खालच्या घरांपर्यंत त्याने लोखंडी सळया ओळीने ठोकल्या होत्या. त्यांतून वीज सोडायची आणि माती तिला किती अडवते ते यंत्रावर बघायचं. कोरडी माती अडून बसते, आकडा चढतो. ओली माती वाट देते, आकडा पडतो. पाणी साचत गेलं तर एक दिवस उतार घरांसकट खाली येणार, म्हणून हा सगळा खटाटोप.

एक सळई नेमकी त्याच्या मावशीच्या अंगणात, लिंबोणीच्या बुंध्याशी होती. लिंबोणी काकांनी लावलेली. काका गेल्यापासून मावशी तिला रोज बादलीभर पाणी घालायची, त्यामुळे तिथला आकडा कायम पडलेला. तुझ्या बादलीपायी माझ्या कामाची वाट लागते, अशी कुरकुर करायला तो दर आठवड्याला यायचा. ती निमूट ऐकून चहा ठेवायची. कार्यालयात तर तो आकडा कुणी मोजतच नसे; ‘मावशीची बादली’ म्हणून सगळे हसून सोडून देत. शिकलीसवरली माणसं ती, त्यांना कोण सांगणार?

या खेपेला आकडा फारच खाली गेला, तसा तो तणतणत आला. आता दोन बादल्या घालतेस की काय, असं दारातूनच विचारलं. मावशी नेहमीसारखी चहाला लागली. पातेलं उचलताना तिचे दोन्ही हात लटपटत होते. त्याने वळून अंगणातल्या बादलीकडे पाहिलं. आत कोळ्याचं जाळं होतं.

"उन्हाळा लागल्यापासून बादली उचलतच नाही रे," ती खाली मान घालून म्हणाली. "झाड आपलं आपण हिरवं राहिलं. मला वाटलं, तुझे काकाच बघताहेत."

"मग मी ओरडायचो तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तू कशाला आला असतास?"

त्याने बाहेर जाऊन सळया एकमेकींपासून लांब लांब ठोकल्या, म्हणजे वीज खोलवर जाते. खोलवरही ओलच होती. टेकडीचं पाणी मावशीच्या घराखाली येऊन साचत होतं आणि इतके दिवस तिच्या बादलीच्या नावावर खपत होतं. चूक सगळ्यांची, पण पहिलं घर तिचं जाणार, याचं त्याला फार वाईट वाटलं.

त्याने कार्यालयात फोन केला. आधी मावशीचं घर, मग वरची घरं रिकामी करायचं ठरलं. तिचं गाठोडं त्यानेच उचललं. परत यायला मिळेल ना, असं तिने विचारलं, आणि त्याला खोटं बोलवेना. मावशी लिंबोणीवरून हात फिरवून गाडीत बसली.

"तिकडे तिसऱ्या मजल्यावर खोली देणार म्हणे," ती काचेतून म्हणाली. "तिथे मला ओरडायला कशाचं निमित्त काढून येशील?"

वरच्या घरांतली माणसं अजून उतरवायची होती, म्हणून त्याने ड्रायव्हरला निघायला सांगितलं.