पूल कोमट ठेवणारा माणूस

"हे गरम? याला गरम म्हणतात, भगवान?"

गच्चीवरून तापून आलेलं पाणी स्विमिंग पूलमध्ये जिथे पडतं, तिथे राकेश सरांनी हात धरला होता. चेहरा असा, जणू पप्पांनी त्यांना शिळं वरण वाढलंय. राकेश सर म्हणजे सेक्रेटरी. मानपाड्यातल्या या सोसायटीचं नाव फ्रेंच आहे. त्याचा उच्चार एकाही मेंबरला येत नाही, पण पाटी सोनेरी आहे.

"कोमटच येतं साहेब. तसंच यायला पाहिजे," पप्पा म्हणाले.

"माझ्या गीझरचं पाणी चटका देतं! वर नुसतं पळतंय ते, तापणार कधी? कॉक पाऊण बंद कर. रविवारी मुलांच्या स्पर्धा आहेत. पूल तापला नाही तर एजन्सी बोलावतो, मग तू बस घरी."

"हो साहेब," म्हणत पप्पा पंपरूमकडे गेले. मी डबा द्यायला आलेले. मला अशी लाज वाटली!

कळायला काय अवघड आहे त्यात? पंप पूलमधलं पाणी ओढतो, गाळतो आणि क्लबहाउसच्या गच्चीवर पाठवतो. तिथे काळ्या बारीक नळ्यांच्या चटया अंथरल्यात. पाणी उन्हात त्यांच्यातून फिरतं, अंश-दोन अंश तापून खाली येतं, परत वर जातं. दिवसभर. वेगळी टाकी नाही, पूलच टाकी. दहावीतल्या मला हे कळतं. एमबीए झालेल्यांना नाही.

संध्याकाळी ठाकुर्लीला घरी आल्यावर मी सुटलेच. "तुम्ही बोलला का नाहीत? घाबरट आहात तुम्ही!"

"पायल, जीभ आवर," आई म्हणाली.

पप्पांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. "कढत चहा वाऱ्याने भरभर निवतो. कोमट निवतो का तेवढा? नळीत पाणी रेंगाळलं की तापतं, पण ती ऊब गच्चीवरचा वाराच खातो. खाली गरम येतं, पण येतं किती? करंगळीएवढं."

"मग हे त्यांना सांगा ना!"

"नऊ वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही गं. सांगतात फक्त."

गुरुवारी राकेश सर भलतेच खूश होते. एकेका मेंबरला बोलावून पाण्याखाली हात धरायला लावत होते. "बघा, चटका!" आणि ही शिकली-सवरलेली माणसं 'वॉव' म्हणत होती. पूलमध्ये दोरीला थर्मामीटर लोंबत होता, तो बघायची अक्कल एकालाही नाही. सत्तावीसचा पूल चोवीसवर आलेला.

रविवारी पहिली बॅच उडी मारून तशीच बोंबलत बाहेर आली. एक मुलगी तर दात वाजवत रडायला लागली. स्पर्धा रद्द.

"भगवान!" सगळ्या पालकांसमोर राकेश सर ओरडले. "काय करून ठेवलंस? माझ्या हातून निष्काळजीपणा झाला, असं लिहून दे. मी मोठ्या मनाचा माणूस आहे. नोकरी ठेवीन."

त्यांनी कागद-पेन पुढे केलं. पप्पांनी घेतलं. आमचं घर या नोकरीवर चालतं, मला माहीत होतं. तरीही मी तोंड फिरवलं. बघवेना मला.

"चूक माझीच झाली साहेब," पप्पांचा आवाज आला. "तुमचं ऐकलं."

मी वळून पाहिलं. कागद कोराच परत गेला होता. मागे कुणीतरी फिसकन हसलं. राकेश सर कानापर्यंत लाल.

"संध्याकाळी किल्ल्या वॉचमनकडे दे आणि चालू पड!"

पप्पांनी पंपरूममध्ये जाऊन कॉक पूर्ण उघडला आणि ते गच्चीवर येऊन बसले. साडेपाच वाजले तरी उठेनात.

"चला ना आता! या लोकांसाठी कशाला थांबायचं?"

त्यांनी नळ्यांवर तळहात ठेवला. "अजून ऊन आहे."

टॉवरची सावली शेवटच्या चटईवरून सरकली, तेव्हा आम्ही खाली उतरलो. "पंप रात्रीही चालतो," ते म्हणाले. "अंधारात पाणी वर जात राहिलं, तर दिवसभराची कमाई गच्चीवर उडून जाईल." त्यांनी कॉक फिरवून वरची वाट बंद केली. पाणी गाळून सरळ पूलमध्ये जायला लागलं, तसा पंपाचा आवाज हलका झाला.

तो एका लयीत येईपर्यंत ते मान तिरकी करून ऐकत उभे राहिले. मग त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या.