एसटीच्या फळ्यावर रॉकेटची वेळ

मी एक जुना, काळ्या पत्र्याचा फळा आहे. उंची पाच फूट, रुंदी चार फूट, पाय दोन आणि दोन्ही गंजलेले. मित्रांनो, तुम्ही कधी सिरसाळ्याच्या आमच्या शाळेत आलात, तर फाटकातून शिरल्यावर डाव्या हाताला कडुलिंबाखाली मी उभा दिसेन. माझ्या डोक्यावर अजूनही ‘गाड्यांचे वेळापत्रक’ अशी ठळक अक्षरे आहेत. खाली मात्र धारूर, माजलगाव, बीड असे काही सापडणार नाही. खाली रॉकेटच्या वेळा असतात. हे असे कसे झाले ते सांगतो. मधूनमधून थोडी फुशारकी मारीन, तेवढी चालवून घ्या.

माझा जन्म परळीच्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. पेंटरने मला काळा रंग दिला आणि पांढऱ्या रेघा ओढून चार रकाने पाडले. गाव, मार्ग, वेळ आणि शेरा. शेऱ्याचा रकाना त्याने सगळ्यांत अरुंद ठेवला. प्रवासात काय काय घडते याची त्या भल्या माणसाला कल्पना नसावी.

बसस्थानकावर मी बावीस वर्षे उभा होतो. माझ्यावर लिहिण्याचा मान एकट्या वाहतूक नियंत्रक बंकटरावांचा. त्यांची शिस्त अशी, की रोजची ठरलेली गाडी पांढऱ्या ऑइल पेंटने लिहायची आणि जत्रेची किंवा लग्नसराईची जादा गाडी खडूने. गाडी फलाटाला लागली की मनगटावरचे घड्याळ पाहून ती खरोखर किती वाजता आली तेही शेऱ्यात नोंदवायचे. दोन मिनिटांचा फरक असला तरी लिहायचे. कुणी हसले तर ते म्हणत, “फळ्यावरची येळ ही ठरवल्याली हाय. खरी येळ गाडी सांगती.” लोक माझ्यासमोर उभे राहून ओळीवर बोट फिरवत. बीडला परीक्षेला जाणारी पोरे मला पाहून धीर धरत. रंगाने लिहिलेल्या वेळेवर सगळ्यांचा विश्वास, खडूवर मात्र जरा कमी. मला स्वतःलाही खडूची अक्षरे हलकी वाटायची. खोटे कशाला बोलू?

पुढे बंकटराव निवृत्त झाले. स्थानकावर लाल दिव्यांची पाटी आली आणि मला पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवले. माझ्या पाठीवर कोचिंग क्लासच्या जाहिराती चिकटल्या. एका पायाला कुणीतरी शेळी बांधू लागले. शेळी स्वभावाने चांगली होती, पण तिला वाचता येत नव्हते. मित्रांनो, ज्याच्याकडे दिवसभर माणसे पाहत होती, त्याच्याकडे कुणीच पाहीनासे झाले की फार वाईट वाटते.

तिथून मला उचलले ते शाळेतल्या विज्ञानाच्या रविराज सरांनी. त्यामागे एक कारण होते. गावात शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या तुळजाबाई आहेत. त्यांची लेक स्वप्नाली याच शाळेत शिकली आणि पुढे बंगळुरूच्या एका लहानशा कंपनीत उपग्रह बनवू लागली. कोणत्या डोंगरात गवत आहे आणि कोणत्या तळ्यात पाणी, हे वरून पाहून सांगणारा उपग्रह. बुटांच्या खोक्याएवढा. शाळेतली मुले रोज सरांना विचारायची, “ताईचं रॉकेट कवा उडणार?” रॉकेटच्या वेळा सारख्या बदलतात. म्हणून सरांनी ठरवले की जगभर कुठून कोणते रॉकेट कधी सुटणार हे एका फळ्यावर रोज लिहायचे.

मी शाळेत आल्यावर चौथ्या दिवशी बंकटराव फाटकातून आत आले. मला पाहून थांबले. मग माझ्यावर लिहिणाऱ्या मुलीच्या हातातला खडू काढून घेत म्हणाले, “हा फळा माझा हाय. ह्याच्यावर दुसऱ्याचं अक्षर मला बघवत न्हाई.” मला इतका आनंद झाला, की पत्रा नसतो तर रडलो असतो.

सर मोबाइलवर पाहून वेळा सांगत आणि बंकटराव लिहीत. रॉकेटचे काही केल्या त्यांना पटेना. वारा आला, थांबले. झडपेतून थेंब गळला, थांबले. एकाच रॉकेटात चोवीस वेगवेगळ्या कंपन्यांचे उपग्रह जातात आणि त्यांतला एक जरी तयार नसला तरी कधीकधी बाकीचे थांबून राहतात, हे ऐकल्यावर तर ते कपाळावर हात मारून म्हणाले, “म्हंजे ही काळी-पिवळी हाय की हो सर! शिटा भरल्याबिगर हालत न्हाई.”

मुले पोट धरून हसली. पण त्या चोवीस जागांपैकी एक स्वप्नालीची होती आणि तिच्या बाबतीत कुणाला हसू येत नव्हते. तिचा पहिला उपग्रह रॉकेटसकट समुद्रात पडला होता. हा दुसरा आणि शेवटचा. तो वर जाऊन बोलला नाही तर कंपनी बंद होणार होती. तिने आईला फोनवर तसे सांगून टाकले होते, “ह्या बारीला न्हाई जमलं तर मी गावाकडं येते आई. बास झालं आता.”

लेक घरी यावी म्हणून आया देवाला साकडे घालतात. तुळजाबाई मात्र शेळ्या घेऊन जाताना रोज माझ्यासमोर थांबत आणि लेकीवर घरी यायची पाळी येऊ नये म्हणून हात जोडत. त्या दुसरीपर्यंत शिकल्या होत्या आणि वाचायला शिकल्या त्या खऱ्या माझ्यावरूनच, स्थानकावर उभ्या राहून.

एके दिवशी स्वप्नालीने तारीख कळवली. सोमवार, सतरा तारीख, सकाळी दहा पंचवीस. “काका, ह्याच्या आधी न्हाई, एवढंच नक्की समजा,” असे ती म्हणाली होती. मी ऐकले, बंकटरावांनीही ऐकले. पण त्यांचे मन भरून आले होते. तुळजावहिनींच्या लेकीची गाडी काय खडूने लिहायची, जादा गाडीसारखी? त्यांनी घरून पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला आणि माझ्या छातीवर ठसठशीत लिहिले: ‘आकाश. सोमवार १७. सकाळी १०.२५.’ मीही गप्प बसलो. उलट मला ते शोभत आहे असेच वाटले. ती चूक जितकी त्यांची तितकीच माझी.

रंगाने लिहिले म्हटल्यावर गावाने ते पक्के धरले. गावचे पुढारी पंडितअण्णा यांनी शाळेत मंडप घातला, हलगीवाले बोलावले, भोंगा लावला. सोमवारी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर मोठ्या पडद्यावर रॉकेट दिसत होते. तुळजाबाई इरकल लुगडे नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. उलटी मोजणी सुरू झाली. चार मिनिटे उरली आणि मोजणी थांबली. उड्डाण पुढे ढकलले, नवी तारीख नंतर कळवू, एवढेच पडद्यावर आले.

पंडितअण्णा हार हातात धरून उभेच राहिले. “बंकटराव, मला कावून बोलावलं वो? माणसं हसायलीत मला!”

“अण्णा, चुकलं. मी रंगानं लिव्हायला नको होतं,” बंकटराव खाली मान घालून म्हणाले.

गर्दी पांगली. पांगताना कुणा टारगटाने खडूने माझ्या शेऱ्यात लिहिले: ‘रद्द’. दुपारी तुळजाबाई एकट्या आल्या. त्यांनी ते एक एक अक्षर जोडून वाचले. मी ओरडून सांगणार होतो की हे खोटे आहे, पण फळ्याला तोंड नसते. जे लिहाल तेच आम्ही दाखवतो. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि तिथेच उभ्या उभ्या लेकीला फोन लावला. “ये बाई घरला,” त्या म्हणाल्या. “फळ्यावर रद्द लिव्हलंय. कोनाड्यातली तुझी पुस्तकं पुसून ठिवते.”

तेवढ्यात बंकटराव पत्रा खरवडायची पट्टी आणि रॉकेलची बाटली घेऊन आले. रद्द हा शब्द ऐकून धावलेच. “वहिनी, फोन ठिवू नका! रद्द न्हाई झाली, लांबलीय. दोन्हीत लई फरक हाय. बावीस वर्षं मी त्योच फरक लिव्हत बसलोय.”

पलीकडून स्वप्नाली रडत रडत हसली. “काका बरोबर बोलतेत, आई. एक झडप बदलायलेत. अजून जायचंय ते.”

त्या दुपारी बंकटरावांनी माझ्यावरचा रंग खरवडून काढला. माझी थोडी कातडीही गेली. पण रंग गेल्यावर त्यांनी तिथे खडूने नवी तारीख लिहिली आणि ती मला पहिल्यांदा हलकी वाटली नाही. ती तारीख दोनदा बदलली. दोन्ही वेळा ओल्या फडक्याने पुसून त्यांनी पुन्हा तितक्याच सुबक अक्षरात लिहिले. शेवटी एका बुधवारी सकाळी रॉकेट सुटले. या खेपेला मंडप नव्हता, हलगी नव्हती. सर, बंकटराव, तुळजाबाई आणि मुले एवढेच होते. चोवीस उपग्रह एकामागून एक बाहेर पडले. मुलांनी उड्या मारल्या.

पण मित्रांनो, वर जाणे वेगळे आणि वर जाऊन बोलणे वेगळे. स्वप्नालीचा उपग्रह चार छोटे आणि एक लांब असे ठोके पाठवणार होता. आभाळातले संदेश ऐकणारी कंपनीची मोठी तबकडी त्याच्याकडे तोंड रोखून बसली होती. बुधवार गेला, गुरुवार गेला, रविवारही गेला. काहीच ऐकू आले नाही. स्वप्नालीने सरांना सांगितले, “सोमवारपर्यंत बघू सर. मग मी सामान बांधते.”

शाळेतही मुलींनी सरांच्या मदतीने एक एरियल बनवले होते. लाकडी दांड्याला ॲल्युमिनियमच्या कांड्या, खाली एक छोटा रेडिओ. ते मोठ्या तबकडीइतके ताकदवान नव्हते, पण त्याला आभाळाचा बराच मोठा तुकडा ऐकू यायचा. उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो तेव्हाच त्याचे बोलणे ऐकू येते. म्हणून बंकटराव रोज त्याची येण्याजाण्याची वेळ माझ्यावर लिहीत. सोमवारी लिहिले होते: ‘माजलगावच्या अंगाने उगवणार १०.१२. अंबाजोगाईच्या अंगाने मावळणार १०.२२.’ चौथ्या रकान्यात काही नव्हते.

मुलींनी माझ्यावरच्या वेळेप्रमाणे एरियल माजलगावकडून अंबाजोगाईकडे फिरवत नेले. दहा बावीस झाले. रेडिओत नुसती खरखर. आरोही नावाच्या मुलीने एरियल खाली केले. तुळजाबाई उठल्या आणि शेळ्यांना हाक मारू लागल्या.

“थांबा,” बंकटराव म्हणाले. “कुठं चाललाव?”

“काका, वेळ संपली की. मावळलं ते,” आरोही म्हणाली.

“फळ्यावरची संपली. गाडी दिसल्याबिगर गाडी गेली आसं मी कवाच लिव्हलं न्हाई. धर वर ते. अंबाजोगाईकडंच धर.”

आरोहीने सरांकडे पाहिले. सरांनी मान हलवली. एरियल पुन्हा वर गेले. एक शेळी तेवढी खोकली. आणि मग त्या खरखरीतून, अगदी बारीक, चार छोटे आणि एक लांब. पुन्हा चार छोटे आणि एक लांब.

बंकटरावांनी आधी घड्याळ पाहिले, मगच डोळे पुसले. आवाज विरेपर्यंत ते घड्याळाकडे पाहत राहिले आणि माझ्या शेऱ्यात त्यांनी लिहिले: ‘प्रत्यक्ष मावळली १०.२६. चार मिनिटे उशीर.’ माझा तो अरुंद रकाना! तिथे अक्षरे दाटीवाटीने बसली.

सरांनी रेडिओवरचा आवाज आणि माझा फोटो बंगळुरूला पाठवला. अर्ध्या तासाने स्वप्नालीचा फोन आला. ती एवढ्या भरभर बोलत होती, की सरांना दोनदा विचारावे लागले. झाले होते असे, की वर गेलेल्या चोवीस खोक्यांत आपले कोणते याचा अंदाज कंपनीत चुकला होता. मोठी तबकडी पाच दिवस दुसऱ्याच कुणाच्या उपग्रहाकडे कान लावून बसली होती. तिचा उपग्रह त्याच वाटेने चार मिनिटे मागून बोलत बोलत येत होता, आणि तबकडी तोवर पुढच्याच्या मागे निघून गेलेली असायची. शेऱ्यातल्या चार मिनिटांवरून त्यांना आपले खोके सापडले. पुढच्याच फेरीला तबकडीनेही ते ऐकले.

“आई कुठंय?” स्वप्नालीने विचारले.

सरांनी फोन तुळजाबाईंच्या हातात दिला.

“आई, बोललं गं ते. मला आता येता न्हाई येणार. लई काम पडलंय.”

“नको येऊ,” तुळजाबाई म्हणाल्या. “नको येऊ माय. आजाबात नको येऊ.” आणि त्या एवढ्या रडल्या, की शेळ्या चरायचे सोडून त्यांच्याभोवती गोळा झाल्या.

मित्रांनो, आता मी पुष्कळ म्हातारा झालो आहे. माझ्यावर रोज लिहितात, रोज पुसतात. परवा तर एका रॉकेटची तारीख सहाव्यांदा बदलली. मला त्याचा कंटाळा येत नाही. तुमच्याही घरात, वर्गात कुणाची तरी वेळ अशीच लांबलेली असेल. त्याच्या नावापुढे घाईने शेरा मारू नका. थोडे थांबा आणि कान देऊन ऐका.

आणि माझे एक काम करा. पावसाळा तोंडावर आहे, माझ्या पायांचा गंज खरवडून त्यांना रंग लावा. उद्या दहा एकोणीसला स्वप्नालीचा उपग्रह वरून जाणार आहे आणि त्याआधी तुळजाबाई माझ्याकडे येणार आहेत. त्या आता डोंगरात जाण्याआधी रोज माझ्यावरची वेळ वाचतात आणि डोंगरात बरोबर त्या वेळी शेळ्या सोडून आभाळाकडे तोंड करून विचारतात, “जेवलीस का गं?”