कुणीतरी केला असेल फोन

साडेनऊला एक मिनिट कमी असताना फोनताईंनी दारातल्या यंत्रावर अंगठा टेकला आणि यंत्र 'टिंग' वाजलं. त्या महिन्यात दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला असता, तर अर्ध्या दिवसाची रजा गेली असती. बस चुकली की घरी कुणाला ताप आला, हे काही यंत्र विचारत बसत नाही. एरवी ही 'टिंग' ऐकली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. आज पडला नाही. त्या खुर्चीवर बसल्या, उठल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा बसल्या.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत त्या तक्रारींचे फोन घ्यायच्या. गावातल्या कुठल्याही इमारतीत लिफ्ट अडकली की फोन त्यांच्या टेबलावर वाजे. एकोणीस वर्षं हेच काम, त्यामुळे खरं नाव मागे पडलं आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या फोनताई झाल्या. "घाबरू नका, आमचा माणूस निघालाय. तोवर माझ्याशी बोलत राहा," हे त्या अशा शांतपणे म्हणत, की अंधारात अडकलेल्या माणसाला निम्मा धीर तिथेच येई.

पण त्या सकाळी त्यांचाच धीर सुटला होता.

झालं होतं असं. नऊ-वीसला त्या बसमधून उतरल्या आणि चौकाकडे चालू लागल्या. तेवढ्यात एक करडी व्हॅन कोपरा कापून वळली, रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडकली आणि न थांबता सुसाट निघून गेली. बाई दुभाजकापाशी आडवी झाली. एक चप्पल पार पलीकडे उडाली. पिशवीतली वह्यांची चळत रस्ताभर पसरली. बघता बघता आठ-दहा माणसं जमली. कुणी "अरेरे!" म्हणालं, कुणी व्हॅनच्या दिशेनं शिव्या घातल्या, दोघा-तिघांनी मोबाईल वर धरले. फोनताई दहा पावलांवर होत्या. त्या दोन पावलं पुढेही गेल्या. मग मनगटावरच्या घड्याळाकडे नजर गेली. 'एवढी माणसं आहेत, कुणीतरी केला असेल फोन,' असं म्हणून त्या वळल्या आणि जवळजवळ पळत ऑफिसात आल्या.

आता कामात लक्ष लागेना. एका इमारतीची तक्रार त्यांनी दुसऱ्याच इमारतीच्या नावावर लिहिली. शेजारच्या टेबलावरून कुणी हसलं, तर त्या दचकल्या. खिडकीशी जाऊन रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतोय का, हे त्यांनी तीनदा पाहिलं. जेवणाचा डबा उघडला, पण तसाच बंद करून ठेवला.

दीडच्या सुमारास मिस्त्रीकाका आले. कंपनीतले सर्वांत जुने कारागीर. हाताला ग्रीस, कपाळाला घाम आणि आवाजात संताप.

"सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना काढून आलो, ताई. किती वेळ अडकले होते ठाऊक आहे? एक तास वीस मिनिटं!"

"असं कसं? मला फोन आला बारा-वीसला. तुम्ही पंधरा मिनिटांत पोहोचलात."

"तेच तर! फोन आला बारा-वीसला. लिफ्ट अडकली सव्वाअकराच्या पुढेमागे. मोबाईल घरी विसरलेले आजोबा लिफ्टमधली घंटा वाजवून वाजवून थकले. सोळा बिऱ्हाडं आहेत तिथं. घंटा सगळ्यांनी ऐकली. एकेकाला विचारलं मी, फोन का नाही केलात? प्रत्येक जण म्हणतो, मला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी केला असेल!"

फोनताईंचा चेहरा असा उतरला, की मिस्त्रीकाका आपला राग विसरले.

"काय झालं, ताई? बरं नाही का?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. व्हॅन, वह्या, घड्याळ. सांगताना त्या स्वतःचीच वकिली करत होत्या. "मी एकटी असते तर थांबलेच असते, काका. पण तिथे इतके लोक होते. आणि मला त्यातलं काय कळतं? हात लावला आणि काही भलतंच झालं असतं तर? नसतं झेंगट गळ्यात पडलं असतं."

मिस्त्रीकाकांनी हात पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला तुम्ही दोर ओढून वर काढता का हो?"

"नाही."

"मग काय करता?"

"माणूस पाठवते. आणि... तो येईपर्यंत बोलत राहते."

"तेवढंच करायचं होतं, ताई. डॉक्टर व्हायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? गर्दी दिसली की आपल्याला वाटतं, मदत पोहोचली. त्या आठ-दहा जणांनाही तसंच वाटलं असेल. तुम्ही त्यांच्यावर सोडलंत, त्यांनी तुमच्यावर. मधल्या मध्ये ती बाई राहिली रस्त्यावर."

"पण कुणीतरी केला असेल ना फोन?" फोनताई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"मला काय विचारता? जाऊन बघा!"

सकाळी धावतपळत वाचवलेली अर्धी रजा फोनताईंनी दुपारी स्वतःहून टाकली.

चौकात काही घडल्याची खूणही नव्हती. कोपऱ्यावर छत्रीखाली किल्ल्या बनवणारा कानस घासत बसला होता. त्यांनी सकाळचं विचारताच तो हात थांबवून म्हणाला, "मीच केला फोन. पावणेदहाला आलो दुकान मांडायला, तर बाई पडलेली आणि भोवती ही गर्दी! म्हटलं, रुग्णवाहिका बोलावली का? सगळे म्हणाले, हो, बोलावलीय. म्हटलं, कुणी बोलावली? तर एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. दहा मिनिटांत आली हो सरकारी दवाखान्याची गाडी! पण तोवर रक्त किती गेलं होतं..."

नऊ-वीस ते पावणेदहा. फोनताई मनातल्या मनात हिशेब करत होत्या आणि तो हिशेब त्यांना सोसवत नव्हता. पंचवीस मिनिटं! त्यांच्या पर्समध्ये त्या वेळी चालू मोबाईल होता.

सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर एक विशीतली मुलगी भिंतीला टेकून उभी होती. अंगात औषधांच्या दुकानातला पांढरा कोट तसाच, हातात मळक्या वह्यांची चळत. फोनताईंनी दबक्या आवाजात चौकातल्या अपघाताची चौकशी केली, तशी ती झेपावलीच.

"माझी आई आहे ती! तुम्ही होतात तिथे? तुम्हीच केलात ना फोन? शाळेत शिकवते ती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल." तिनं फोनताईंचे दोन्ही हात घट्ट धरले. "तुमचे उपकार कसे फेडू मी?"

नुसती मान हलवली असती, तरी चाललं असतं. त्या मुलीला कधीच कळलं नसतं. क्षणभर फोनताईंना तो मोह झालासुद्धा! पण ते हात त्यांना चटके देत असल्यासारखे वाटले.

"नाही गं. मी नाही केला," त्या म्हणाल्या. "मी तिथे होते. तुझ्या आईला पडताना मी बघितलं. आणि मी निघून गेले."

मुलीनं हात सोडले.

"डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं, तर पाय वाचवता आला असता," ती म्हणाली. "मग आता कशाला आलात? बघायला?"

"व्हॅनचा नंबर सांगायला. शेवटचे चार आकडे मला आठवतात. दिवसभर आकडेच लिहिते मी, डोक्यात बसतात."

"पोलिसांनी दहा जणांना विचारलं. कुणीही काही बघितलेलं नाही म्हणे," मुलगी कडवट हसली. "पुढे बोलावतील तुम्हाला. याल?"

फोनताईंनी घरी फोन लावून सगळं सांगितलं. नवरा स्वभावानं भला, पण भिडस्त आणि भित्रा.

"अगं, आधी घरी ये! एकदा नाव लागलं की सुटका नाही. चौकशा, तारखा, हेलपाटे. आणि त्या व्हॅनवाल्यानं आपल्यालाच त्रास दिला तर? आपण काय सगळ्या जगाचा मक्ता घेतलाय?"

"जगाचा नाही हो. एका बाईचा सकाळी घ्यायला हवा होता, तो घेतला नाही. आता तुम्ही इकडे येता का? मला एकटीला जरा भीती वाटतेय."

पलीकडे चपला पायात सरकवल्याचा आवाज आला. मग, "कुठला दवाखाना?"

तो अर्ध्या तासात आला, धापा टाकत. पोलीस ठाण्यातल्या बाकावर तो तोंड पाडून, पण शेवटपर्यंत शेजारी बसला. फोनताईंनी व्हॅनचा रंग, वळण, वेळ, आकडे, सगळं सांगितलं. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारीणबाईंनी मान वर केली. "इतकं नीट बघितलंत, मग थांबला का नाहीत?" तेही फोनताईंनी लिहून घ्यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी व्हॅन सापडली. चालक पकडला गेला. पुढे चौकशा झाल्या, हेलपाटेही झाले. त्या प्रत्येक वेळी गेल्या.

तीन आठवड्यांनी मुलीनंच निरोप धाडला, आईला भेटायचंय म्हणून. शिक्षिकाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चादरीखाली डाव्या पायाला घोट्याच्या पुढे काही नव्हतं. फोनताईंना तिकडे बघवेना आणि नजर हटवताही येईना.

"मला क्षमा करा," एवढंच त्या कसंबसं बोलल्या.

"ते मला अजून जमत नाही," शिक्षिकाबाई सरळ म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? मी शुद्धीवर होते हो! मान वळवता येत नव्हती. मला नुसत्या चपला आणि बूट दिसत होते. किती तरी चपला! वरून आवाज येत होते. पण एकही माणूस खाली वाकला नाही. पायाचं दुखणं विसरेन एक वेळ. ते नाही विसरत मी."

फोनताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

वाचकहो, फोनताई काही दुष्ट नव्हत्या. तुमच्या-आमच्यासारख्याच होत्या. घाईत होत्या, घाबरल्या होत्या आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या चांगुलपणावर त्या फार विसंबून राहिल्या होत्या. आपणही रोज असंच करतो. म्हणून एवढं मनाशी पक्कं करा: रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं, तर भोवती शंभर माणसं असली, तरी फोन आपणच करायचा. दोनदा झाला, तरी काही बिघडत नाही. एकदाही झाला नाही, तर काय होतं, ते त्या चादरीखाली दिसत होतं! आणि फोन झाला की निघायचं नाही. वाकायचं, जवळ बसायचं, बोलत राहायचं.

फोनताई जायला उठल्या, तेव्हा शिक्षिकाबाईंनी पलंगाशेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

"मुलगी सहापर्यंत दुकानात असते," त्या म्हणाल्या. "घाई नसेल, तर बसा जरा."

फोनताई बसल्या.