हवेची पारख

“दगड झालाय नुसता दगड! जा बिनधास्त,” असं म्हणून मिस्त्रींनी मागच्या टायरवरचा उजवा अंगठा उचलला आणि व्हॉल्व्हची टोपी फिरवून बसवली.

मीटरबाईंनी टायरकडे पाहिलं. कॅरिअरला अजून पिशवीसुद्धा लावलेली नव्हती, तरी तो खाली पसरून बसला होता. दगड कसला, उकडलेला बटाटा होता तो. पण बाई म्हणाल्या, “वा! आता दिवसभर बघायला नको,” आणि सायकल हातानेच ढकलत निघाल्या. कोपरा वळेपर्यंत त्या बसत नसत. चालल्याने गुडघे मोकळे होतात, असं त्यांनी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं.

बाई घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचत, म्हणून त्या मीटरबाई. नवऱ्याचं उभं आयुष्य कारखान्यात लेथपुढे गेलं, म्हणून ते मिस्त्री. नोकरी लागल्यापासून एकवीस वर्षं बाईंच्या सायकलची सकाळची तपासणी मिस्त्रींकडे होती. चाक उचलून गरकन फिरवायचं, ब्रेकच्या रबराला कुठे घासतंय का ते एक डोळा मिटून बघायचं, टायरमध्ये रुतलेली काच नखाने काढायची आणि शेवटी अंगठा. पायपंपावरचा काटा कधीच मोडला होता. तो काही त्यांनी बदलला नाही. “काट्याला काय कळतंय? ह्याला विचार,” म्हणून अंगठा दाखवायचे. आणि खोटं कशाला बोला, त्या एकवीस वर्षांत हवेपायी बाईंचा एकदाही खोळंबा झाला नव्हता.

मग मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात हलूही लागला. पण बोटांतली जाणीव परत आली नाही. ती आता येणार नाही, असं डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं. मिस्त्रींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चहाचा कप ते हट्टाने उजव्याच हातात धरत. अर्धा चहा पोटात, अर्धा शर्टावर. “डाव्या हातात घ्या की,” असं बाई एकदाच म्हणाल्या.

“का? डावरा आहे का मी?”

दवाखान्यातून आल्यावर पंधराव्या दिवशी त्यांनी पायपंप बाहेर काढला. त्यांचा तो खुललेला चेहरा बघून बाईंना भरून आलं. आणि तिसऱ्याच दिवशी सायकल खड्ड्यात आपटून मागचं चाक बसलं.

“ताई, खिळा नाही, काच नाही,” कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाला. “ही बघा, शेजारी शेजारी दोन भोकं. हवाच कमी होती. खड्ड्यात रिमनं ट्यूब चावली. भरली कोणी?”

“मीच,” बाई पटकन म्हणाल्या.

“मग राहू द्या तुम्ही. जाता जाता इथं थांबत जा रोज.”

तेव्हापासून बाई रोज थांबू लागल्या. घरातलं तेवढं एकच काम मिस्त्रींकडे उरलं होतं. तेही काढून घेतलं, तर माणूस पुन्हा अंथरूण धरेल, अशी बाईंना धास्ती होती. म्हणून त्या मूग गिळून गप्प बसल्या आणि रोज संध्याकाळी “काय पळाली आज सायकल!” असं ठोकून देऊ लागल्या.

मधल्या काळात मिस्त्रींना एक खूळ लागलं. दिसेल ती वस्तू ते डाव्या अंगठ्याने दाबून बघत. पाव झाला, उशी झाली, टोमॅटो झाले.

“अहो, त्या टोमॅटोनं काय घोडं मारलंय तुमचं?”

“पिकलाय का बघतोय.”

“पिकलेलाच होता. आता नुसता रस उरलाय.”

मांजर तर त्यांची चाहूल लागली की कपाटावर चढून बसे. संध्याकाळी बाई हातपाय धुवायला गेल्या की मिस्त्री सायकलजवळ उकिडवे बसत. विचारलं तर म्हणत, चिखल पुसतोय. आठवडाभर कडकडीत ऊन होतं, चिखल कुठला डोंबलाचा! पण बाईंनी खोदून विचारलं नाही. माणूस कशात तरी रमलाय, यातच त्यांना सगळं मिळालं होतं.

मग एका मंगळवारी पंक्चरवाल्याने दोन्ही टायर दाबले आणि पंप परत भिंतीला टेकवला.

“ताई, सकाळी सकाळी चेष्टा करताय का माझी? हवा बरोबर आहे.”

“मागच्यातली?”

“मागच्यात जरा जास्त, पुढच्यात किंचित कमी. वजन मागं पडतं ना. एवढं तर मीसुद्धा बघत नाही. भरली कोणी?”

“आमच्या मिस्त्रींनी!” बाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पलीकडचा दुकानदार वळून बघू लागला.

संध्याकाळी बाई सायकल आत घेत होत्या, तेव्हा मिस्त्री दारातच उभे होते. “आज थांबलीस का कोपऱ्यावर?”

“कुठल्या कोपऱ्यावर?” बाई चपापल्या.

“अगं, तो गडी व्हॉल्व्हची टोपी इतकी आवळतो की पकडीनं काढावी लागते. मी कधी आवळलीय? पहिल्याच दिवशी कळलं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर थांबायची बंद झाली असतीस. त्याची हवा बरोबर असते. संध्याकाळी तेच टायर दाबून दाबून ह्याला शिकवलं. मग हवा सोडायची आणि सकाळी पुन्हा भरायची.” त्यांनी डावा अंगठा वर केला. “तीन महिने घेतले ठोंब्यानं.”

“आणि रोज सकाळी उजव्यानं दाबून दगड दगड म्हणत होतात ते?”

“तू इतकं मनापासून वा म्हणायचीस. तुझं मन मोडवेना.”

बाईंना हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या.

“काय म्हणाला गं तो?” बाहेरून आवाज आला.

“म्हणाला, एवढं तर मीसुद्धा बघत नाही.”

बाईंनी चहा आणला, नेहमीसारखा त्यांच्या उजव्या बाजूला ठेवला, खाली जाडसर फडकं घातलं. मिस्त्री मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत होते.

“चाळीस वर्षं राबला बिचारा,” ते म्हणाले. “बसू दे आता त्याला.”

त्यांनी डावा हात पुढे केला, कप उचलला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा संपवला. फडकं कोरडंच राहिलं.