केरबाला लागत नाही

माझा भाऊ केरबा मार खाऊन हसायचा. आबा, म्हणजे आमचे वडील हंबीरराव, कसबा बावड्यातल्या एका तालमीचे वस्ताद. हाताखालच्या पोरांना ते चिंचेच्या फोकानं फोडून काढायचे आणि केरबाला सगळ्यांत जास्त, कारण तो पोटचा. बाकीची पोरं कळवळायची. केरबा पाठीवरचं रक्त पुसायचा आणि पुन्हा जोर मारायला लागायचा. आबांना त्याचा कोण अभिमान! पोराच्या हाडापर्यंत तूप मुरलंय, म्हणून त्याला लागत नाही, असं ते गावभर सांगत सुटायचे.

तूप पहाटे वाटीभर, दुपारी भातावर, रात्री दुधात. आई आम्ही लहान असतानाच गेली, त्यामुळे चूल माझ्याकडे होती. एकदा केरबा तापल्या तव्यावर हात टेकून माझ्याशी गप्पा मारत राहिला. कातडं जळाल्याचा वास आला आणि मी किंचाळले, तेव्हा त्यानं हात उचलला. तळव्याचं सालटं तव्यालाच राहिलं. यावर आबांनी काय करावं? जखम भरल्यावर तालमीत पाहुणे बोलावले आणि सगळ्यांसमोर केरबाच्या दंडावर पेटती बिडी विझवून दाखवली. लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या सगळ्यांच्या कानफटात द्यावी असं मला वाटत होतं.

कुस्तीतही तेच. हात उलटा पिळला की दुसरा कुणी ओरडत पाठीवर पडतो, केरबा पडायचाच नाही. एक्क्याऐंशी सालच्या हिवाळ्यात इचलकरंजीकडच्या एका मैदानात समोरच्यानं त्याची दोन बोटं मागं दुमडून मोडली. कडकन झालेला आवाज पुढच्या रांगेपर्यंत गेला. केरबानं त्याच हातानं त्याची मान आवळली आणि दुसऱ्या हातानं रद्द्यावर रद्दे घातले. त्या पोराच्या नाकातोंडातनं रक्ताची धार लागली, दात मातीत पडला, तेव्हा कुठं केरबानं त्याला चीत केलं. आबा फेटा उडवत मैदानभर नाचले.

बोटांना प्लास्टर घालायला मी त्याला दवाखान्यात नेलं. तिथं शहापुरेबाई म्हणून नव्या डॉक्टर आल्या होत्या. हाड बसवताना पोरगा हूं की चूं करत नाही, याचं त्यांना कौतुक वाटलं नाही, काळजी वाटली. आधी महारोगाचा संशय आला, पण तो नव्हता. मग त्यांनी त्याला आ करायला लावला. घशातल्या गाठी हळदीत बुडवून काढल्यासारख्या नारिंगी-पिवळ्या होत्या. पोट चाचपलं, तर डाव्या बरगडीखाली पांथरी, म्हणजे प्लीहा, वाढून बाहेर आलेली. त्यांनी त्याचं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं.

निकाल आल्यावर बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावलं. अंगात जागोजागी साचणारी चरबी उचलून यकृताकडे परत न्यायची, हे रक्तातल्या एका प्रथिनाचं काम असतं. केरबाच्या रक्तात ते जवळजवळ नव्हतंच. त्यामुळे चरबी घशात, पांथरीत, नसांमध्ये साचत गेली होती. नसा मेल्या, म्हणून दुखणं कळत नव्हतं. आईवडील नात्यातले का, असंही त्यांनी विचारलं. आई आबांच्या सख्ख्या मामाची मुलगी, आणि आमच्यात मामाची पोर करायची रीतच आहे. दोघांकडनंही हे थोडं थोडं आलं असणार, असं बाई म्हणाल्या. औषध काही नाही. तूप बंद आणि कुस्ती बंद. पांथरी इतकी फुगली होती, की एक जोराचा फटका बसला तरी ती आत फुटेल, पोटात रक्तस्राव होईल आणि त्याला कळणारही नाही.

वाटेत केरबा पंचगंगेच्या पुलावर थांबला आणि खाली पाण्याकडं बघत म्हणाला, "अक्के, मला जगायचं हाय. आबास्नी तू सांग."

मी सांगितलं. आबांच्या डोळ्यांपुढं खासबागेचं मैदान होतं, तिथल्या कुस्तीची जोड ठरली होती. त्या बाईनं जन्मात शेरभर दूध तरी पचवलंय का, असं म्हणून ते हसले. पोराला दृष्ट लागली एवढंच, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीतल्या सगळ्या पोरांसमोर त्यांनी केरबापुढं तुपाची वाटी धरली. केरबानं ती बाजूला सारली. मी घरातनं तुपाचा डबा आणला आणि आबांच्या देखत गटारात उपडा केला.

आबांनी माझी वेणी धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं. तेवढ्यात केरबानं त्यांचं मनगट पकडलं. जन्मात पहिल्यांदा.

"अक्कीला हात लावायचा न्हाय. आनि मी खेळणार न्हाय, आबा."

मग आबांनी मला सोडून त्याला धरलं. ठोसे घातले, कोपर घातलं, तोंड फोडलं. केरबानं हात उगारला नाही, बापावर कसा उगारणार? तो खाली पडला तेव्हा मी ओरडले, डाव्या अंगाला मारू नका, पांथरी फुटंल. आबा थांबले. वाकून त्यांनी त्याची डावी बरगडी नीट बघितली.

"हितं? हितं फुटतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी बरोबर तिथंच लाथ घातली. पुन्हा घातली. तालमीतला एकही मर्द जागचा हलला नाही.

केरबा उठला. अंगावरची माती झाडत मला म्हणाला, काही झालं नाही, रडू नको. आबांनी सगळ्यांकडं बघून मिशीवर ताव दिला. मग केरबा उंबऱ्यावर टेकला, पाणी मागितलं, आणि तांब्या हातात धरेपर्यंत त्याचे ओठ पांढरेफटक पडले. पोट टम्म फुगत चाललं. आता आबा त्याच्यापुढं उकिडवे बसले.

"कुठं दुखतंय, लेकरा? सांग की."

"कुठंच न्हाय," केरबा म्हणाला.

दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्ये, माझ्या मांडीवर तो गेला.

दारात माणसं जमली. आबा तिरडीशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, की पोरगं शेवटपर्यंत विव्हळलं नाही, वाघ होता वाघ. मी बायकांमधनं उठले, पुरुषांत गेले आणि बापाच्या थोबाडीत ठेवून दिली. तो कळवळला, गालावर हात धरून लहान पोरासारखा. मी दुसरी दिली. तेव्हाही तालमीतला एकही मर्द जागचा हलला नाही.