पिशवी बदलताना

"काका, मशीनपासून जरा लांब बसा बरं. हात लावू नका," सिस्टर म्हणाली.

"हात नाही लावत. नुसता बघतोय," हे म्हणाले. स्टूल वीतभर मागे घेतलं आणि पुन्हा पुढे वाकले.

माझ्या पोटाचं ऑपरेशन होऊन एक दिवस झाला होता. नवरा माझ्याकडे कमी आणि उशाशी लावलेल्या औषधाच्या पंपाकडे जास्त बघत होता. दुसरी एखादी रुसली असती. मी रुसले नाही, कारण त्या पंपाशी ह्यांचं काय नातं आहे ते त्या वॉर्डात फक्त मला ठाऊक होतं.

हे विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवायचे, आणि विषय असा की चारचौघांत सांगायची सोय नाही. एखादा प्रोग्राम कधीच चुकणार नाही, हे तो न चालवता, कागदावर तर्काने सिद्ध करायचं. "हजार वेळा चालवून बघितला, तर हजार वेळा चुकला नाही एवढंच कळतं," हे म्हणायचे. "पुढच्या वेळेचं काय?" मी म्हणायचे, "आधी बेसिनचा नळ गळत नाही हे सिद्ध करा." तो नळ अजून गळतोय.

सात वर्षं खपून ह्यांनी असल्याच पंपाचा प्रोग्राम सिद्ध केला होता. रोग्याला ठरल्यापेक्षा थेंबभरही जास्त औषध जाणार नाही, असा. शोधनिबंध स्वीकारला गेला, प्राध्यापकपद जवळजवळ पदरात पडलं. एका रविवारी दुपारी मी मटार सोलत होते आणि हे मला तो निबंध हौसेने समजावून सांगत होते. मी तेव्हा सर्जरीच्या वॉर्डात नर्स होते. तिसऱ्या गृहीतकापाशी मला हसू फुटलं.

"दार उघडायच्या आधी नर्स पंप थांबवेल? कोण थांबवतं हो?"

"म्हणजे? माहितीपुस्तकात तसं लिहिलंय."

"लिहिलं असेल. थांबवला की सगळे आकडे पुसले जातात, मग बसा पहिल्यापासून भरत. एका हातात नवी पिशवी, दुसऱ्या हाताने दार उघडायचं, पिशवी बदलायची, दार लावायचं. आम्ही सगळ्याजणी तसंच करतो."

हे उठले आणि आतल्या खोलीत टेबलाशी जाऊन बसले. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. चालू पंपाचं दार उघडून लावलं, तर किती औषध गेलं याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत होती. म्हणजे तोच डोस रोग्याला दुसऱ्यांदा जाऊ शकत होता. सिद्धतेत काना-मात्रेची चूक नव्हती. फक्त वॉर्डात खरं काय चालतं ते ह्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, आणि विचारण्यासारखी बाई रोज समोर जेवायला बसत होती.

विभागप्रमुख म्हणाले, "तुमचा तर्क बरोबर आहे ना? मग चूक नर्सची."

"नर्सची नाही. मी विचारलं नाही," हे म्हणाले.

ह्यांनी पंप बनवणाऱ्या कंपनीला कळवलं, निबंध मागे घेतला. प्राध्यापकपद दुसऱ्याला गेलं. मला फार लागलं ते. पुन्हा एकदा मटार सोलत बसले होते तेव्हा म्हटलं, "माझ्याच जिभेला हाड नाही. गप्प बसले असते तर?"

"तर एखादा रोगी गेला असता," हे म्हणाले आणि सोललेल्या मटारांतले दोन तोंडात टाकून आत गेले.

मग हे परवानगी काढून आमच्या वॉर्डात येऊन बसू लागले. महिनोन्महिने स्टूलवर बसून नर्सांचे हात बघायचे. मुली ह्यांना ज्योतिषी म्हणायच्या. मलाही लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? सगळं पहिल्यापासून सिद्ध करायला आणखी पाच वर्षं गेली. कंपनीने पंप बदलले. हे मात्र प्राध्यापकाच्या एक पायरी खाली, प्रपाठक म्हणूनच निवृत्त झाले.

पिशवी संपत आल्याची शिटी वाजली. सिस्टर नवी पिशवी घेऊन आली. पंप न थांबवता तिने मोकळ्या हाताने दार उघडलं.

हे स्टुलावरून अर्धवट उठलेले मला पलंगावरून दिसले.

पंप आपला आपणच थांबला. दार लागलं तसे आकडे जिथल्या तिथे दिसले आणि खाली प्रश्न आला, पुढे चालू करू? सिस्टरने तो वाचलासुद्धा नाही. बटण दाबलं, माझी चादर सारखी केली.

"काय काका, एवढं काय बघता?"

"काही नाही. छान काम करता तुम्ही."

ती गेल्यावर मी म्हटलं, "झालं ना समाधान? आता घरी जा, जेवा, आंघोळ करा. कालपासून इथेच आहात."

"जातो."

"कधीच चुकणार नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंय ना?"

"केलंय."

"मग?"

ह्यांनी पुढची पिशवी केव्हा, ते सिस्टरला आधीच विचारून ठेवलं होतं. सहा तासांनी. ह्यांनी स्टूल पुढे ओढलं, सुई नसलेला माझा हात हातात घेतला आणि पंपाकडे बघत बसून राहिले.